पोस्टाची पिशवी आणि मालदांडीचं रान

खेड्यातल्या शाखा डाकपालाला नेमणुकीच्या वेळी एक गोष्ट लिहून द्यावी लागते: पोटापाण्यासाठी माझ्याकडे दुसरं साधन आहे. पोस्टाच्या पैशावर घर चालणार नाही, हे खात्याला पहिल्यापासून ठाऊक असतं आणि ते माणसाकडून कबूलही करून घेतलं जातं. महाराष्ट्राच्या खेड्यांत हे दुसरं साधन बहुतेक वेळा शेती. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त ही अशी शाखा डाकघरं. म्हणजे ज्या टपालसेवेचं आपण कौतुक करतो, तिचा मोठा भार कुणाच्या तरी ज्वारीच्या रानाने उचललेला आहे. हे कुणी मोकळेपणाने म्हणत नाही, म्हणून इथे म्हणतो.

माढा तालुक्यातल्या एका गावी असे एक डाकपाल होते. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणेन. साडेतीन एकर जिरायत, एक विहीर, गळ्यात तुळशीची माळ. नेमणूक झाली तेव्हा पदाचं नाव ‘अतिरिक्त विभागीय’ होतं. ‘ग्रामीण डाकसेवक’ हे नाव मागाहून आलं. पोस्टासाठी जागाही त्यांनीच द्यायची, म्हणून घराच्या ओसरीवर टेबल, लोखंडी पेटी आणि भिंतीला लाल टपालपेटी.

त्या ओसरीवरचा सकाळचा अर्धा तास पाहण्यासारखा असे. शिक्क्यातली कालची तारीख चिमट्याने काढायची, आजचे खिळे बसवायचे, शिक्का शाईच्या गादीवर दाबायचा आणि पहिला ठसा वहीत उमटवायचा. तारीख, महिना, साल डोळ्यांनी तपासून झाल्याशिवाय अण्णा एकाही पत्राला हात लावत नसत. मग उपडाकघरातून आलेली पिशवी. सुतळीची गाठ आणि लाखेची मोहोर शाबूत आहे ना, हे आधी बघायचं, मग पिशवी कापायची, यादीशी नग ताडायचे. आदल्या रात्री शेताच्या लायनीला वीज असेल तर हे गृहस्थ पहाटेपर्यंत दारं धरून आलेले असत. नखांतला काळा चिखल जाईपर्यंत हात राखेने घासायचे, मगच शिक्का उचलायचा. पाकिटावर मातीचं बोट उमटलं तर पत्र ज्याचं आहे त्याचा अपमान होतो, असं ते मानत.

मनीऑर्डर हा या ओसरीचा खरा व्यवहार. ही सेवा १८८० साली सुरू झाली. मुंबई, पुणे, भिवंडीला गेलेल्या मुलांचे पैसे तिच्यातून येत आणि फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती चार बोटं जागा असे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना तो निरोप अण्णा वाचून दाखवत. कोणत्या घरी पोराने यंदा निम्मेच पैसे धाडले, कुणाची सून माहेरी निघून गेली, हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. त्यातलं काही कधी पारावर आलं नाही. खातं डाकपालाकडून तारण घेतं, पण गाव विसंबून होतं ते गळ्यातल्या माळेवर. माळकऱ्याने दुसऱ्याच्या पैशाला आणि दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा त्या भागातला अलिखित कायदा आहे आणि तो कुठल्याही जामिनापेक्षा कडक आहे.

टपाल आणि दुसरा एखादा ध्यास अशी जोडी मराठी माणसाला नवी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड मिळाला, तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे. त्यांच्याच रचनेत पंढरपूर ४१३३०४ झालं. अण्णांना हा आकडा स्वतःच्या गावाच्या आकड्याआधी पाठ झाला होता.

पण त्या पत्त्यावर पायी पोचणं त्यांना नोकरीभर साधलं नाही. पाऊस वेळेवर झाला तर खरिपाची पेरणी उरकून शेतकरी आषाढीला निघतो, रब्बी पेरून कार्तिकीला. वारी शेतीच्या सवडीत नीट बसते. पोस्टाच्या सवडीत बसत नाही. आळंदीहून पंढरपूरला पालखीला अठरा-वीस दिवस लागतात. डाकसेवकाची भत्त्यासह रजा मात्र सहामाहीला दहा दिवस, आणि उरली तर पुढच्या सहामाहीत जात नाही. त्यामुळे एकादशी कधी येते यावर सगळं. २०२३ साली ती २९ जूनला आली, म्हणजे अख्खी वारी पहिल्याच सहामाहीत गेली. २०२५ साली ६ जुलैला आली आणि तीस जून वाटेतच लागला. अशा वर्षी दोन्हीकडची रजा जोडून बरंच अंतर चालता येतं. अर्थात, मागे काम बघणारा बदली माणूस मिळायला हवा. रजेचा हा हिशेब मी वारकरी डाकसेवकांच्या तोंडून ऐकलेला आहे, आणि तो पंचांग आणि नियमावली शेजारी शेजारी ठेवून केलेला असतो. अण्णा फार तर नातेपुत्यापासून दिंडीत शिरत. ज्या वर्षी तेही जमत नसे, त्या वर्षी आषाढीनंतर अरणला जात.

अरण त्यांच्याच तालुक्यातलं. तेराव्या शतकातल्या सावता माळ्यांचं गाव. मळ्यातल्या कामातच देव पाहणारा हा संत पंढरीला गेला नाही, देवच त्याच्याकडे आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. म्हणूनच आषाढीला गावोगावच्या पालख्या पंढरपुरी येतात, सावतोबांची येत नाही. पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. ज्याला रान सोडता येत नाही आणि ओसरीवरचं टेबलही सोडता येत नाही, अशा माणसाला याहून मोठा आधार कोणता? या एका संताने मराठी मुलखातल्या किती कामकऱ्यांची खंत हलकी केली असेल, याची मोजदाद होणार नाही.

शेतीत अण्णा कुणाचं ऐकत नसत. रब्बीला मालदांडीच पेरायची. ही जात शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून वाढवलेली. कमी पाण्यात तग धरते, भाकरी पांढरी होते, कडब्यावर जनावरं जगतात. आजूबाजूला उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला तरी त्यांनी ज्वारी सोडली नाही. ऊस तोडीची तारीख कारखाना ठरवतो, आणि त्यांच्या दिवसाचे तास आधीच खात्याने ठरवलेले होते. ज्वारीला सवड असते.

आता मोबदल्याविषयी. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने पी. के. राजम्मा खटल्यात स्पष्ट सांगितलं की ही अतिरिक्त विभागीय माणसं रोजंदारीवरची नव्हेत, त्यांचं पद नागरी पद आहे. त्यानंतर सावूर, न्या. तलवार, नटराज मूर्ती, कमलेश चंद्र अशा समित्या बसल्या. शेवटच्या समितीमुळे १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या डाकपालाचा भत्ता महिना किमान १२,००० रुपये झाला. याला पगार म्हणत नाहीत, ‘वेळेशी निगडित सातत्य भत्ता’ म्हणतात. कागदावर चार-पाच तास. प्रत्यक्षात संध्याकाळी भाकरीच्या वेळी कुणी पासबुक घेऊन दारात आलं तर अण्णांनी त्याला उद्या ये म्हटल्याचं गावाला आठवत नाही. २०१८ मध्येच पोस्टाची पेमेंट्स बँक आली, हातात यंत्र आलं, अंगठा शाईऐवजी काचेवर टेकू लागला. साठी उलटल्यावर ते यंत्रही त्यांनी शिकून घेतलं.

नव्या भरतीत दहावीचे गुण पाहून ऑनलाइन यादी लागते. अण्णांच्या जागी आलेला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे. हुशार आहे, नम्र आहे, गावात खोली घेऊन राहतो. पण त्याला इथे रान नाही, आणि भत्ता अजूनही रान असलेल्या माणसाच्या हिशेबाने बांधलेला आहे. खोलीभाडं, खाणावळ आणि घरी धाडायचे पैसे यांत तो महिन्याच्या विसाव्या तारखेला अडकतो. ही त्या मुलाची चूक नाही. शेतीच्या टेकूवर उभी केलेली व्यवस्था टेकू काढून तशीच चालवायची, हा हट्ट चुकीचा आहे.

पासष्टाव्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. टपाल खात्याच्या इतर कर्मचाऱ्यांसारखं निवृत्तिवेतन ग्रामीण डाकसेवकाला नाही. एकरकमी थोडे पैसे मिळतात. त्यांतून त्यांनी विहिरीतला गाळ काढून घेतला आणि नवी मोटर बसवली. पुढच्याच आषाढात आळंदीपासून चालले. घर आता त्या साडेतीन एकरांवरच चालतं.