कृषी निविष्ठा विक्री केंद्राचे परवाने : वऱ्हाडाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस पुढील व्यवसायाविषयी विचारले असता 'कृषी केंद्र टाकीन' हे उत्तर हमखास मिळते. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर उभ्या असलेल्या या प्रदेशात ते स्वाभाविकही आहे. त्यामागोमाग येणारा प्रश्न असतो तो 'लायसन'चा. या एकवचनातच पहिली गफलत आहे. वाणिज्याच्या वर्गात आपण परवाना हा विषय बहुधा 'परवाना राज' या एकाच मथळ्याखाली उरकतो. त्यामुळे प्रत्येक परवान्यामागे वेगळा कायदा आणि वेगळा हेतू असतो, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. प्रस्तुत लेखात कृषी निविष्ठा विक्री केंद्राच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दुकान म्हणून लागणाऱ्या सर्वसाधारण बाबी येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 अन्वये लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरते. वस्तू व सेवा कराची नोंदणी उलाढालीवर अवलंबून असते. खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो.

तीन परवाने, दोन उगम

बियाण्यांसाठी बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983, रासायनिक खतांसाठी खत (नियंत्रण) आदेश, 1985 आणि कीटकनाशकांसाठी कीटकनाशके अधिनियम, 1968 व त्याखालील 1971 चे नियम लागू होतात. एकाच दुकानात, एकाच गल्ल्यावर विकल्या जाणाऱ्या या तीन वस्तूंना तीन स्वतंत्र मान्यता लागतात.

यांपैकी पहिले दोन आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खाली काढलेले आहेत. माल कोठून आला, साठा किती आहे, भाव काय आहे, हे त्यांचे मूळ प्रश्न. म्हणून बियाणे विक्रेत्याने साठा व भाव यांचा फलक लावणे आणि प्रत्येक ग्राहकास पावती देणे बंधनकारक आहे. खतासाठी उत्पादकाकडून 'ओ' नमुन्यातील उगम प्रमाणपत्र घ्यावे लागते. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर नोंदवावी लागते.

पावतीची अट वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याच्या हाती तोच मुख्य पुरावा असतो. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बियाणे घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' असल्याचे मान्य केले. तथापि ग्राहक आयोगापुढे जाण्यास पावती हवी. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे तणनाशक सहनशील एचटीबीटी कापसाची जाहीर पेरणी झाली व त्यावरून गुन्हेही दाखल झाले. तंत्रज्ञान-स्वातंत्र्याविषयीचा तो वाद येथे बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उरते. मान्यता नसलेले बियाणे कोणत्याही परवान्यात बसत नाही, म्हणून त्याची रीतसर पावती मिळत नाही. नापिकीचा सारा भार मग घेणाऱ्यावर पडतो.

कीटकनाशकांच्या कायद्याचा उगम मात्र वेगळा आहे. 1958 मध्ये केरळात अन्नपदार्थांत पॅराथिऑन मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून 1968 चा अधिनियम आकारास आला. या कायद्याच्या मुळाशी टंचाई नसून विष आहे, आणि त्याच्या अटी त्याच दृष्टीने वाचाव्यात. नियम 10-अ नुसार ज्या इमारतीत माणसाच्या वा जनावराच्या खाण्याच्या वस्तू विकल्या किंवा साठविल्या जातात, तेथे कीटकनाशके ठेवता येत नाहीत. घरगुती वापराच्या वेष्टनबंद कीटकनाशकांनाच काय ती सवलत आहे. किराणा दुकानाच्या मागील खोलीत औषधांची पेटी ठेवणे खेड्यात सोयीचे वाटते. 1958 ची घटना ज्यास ठाऊक आहे, त्यास ही अट जाचक वाटणार नाही.

अर्हतेचा प्रश्न

2015 च्या दुरुस्तीने कीटकनाशक विक्रीसाठी शैक्षणिक अर्हता आवश्यक केली. कृषी, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान वा जीवशास्त्र यांतील पदवी, अथवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रासह विज्ञानाची पदवी असा तिचा आशय आहे. जुन्या विक्रेत्यांना मुदत मिळाली व ती वाढविण्यातही आली. बी. कॉम. झालेल्या विद्यार्थ्यास बियाण्यांच्या परवान्यास 1983 च्या आदेशाची अशी आडकाठी नाही, औषधांच्या परवान्यास मात्र आहे. हे दुकानासाठी जागा भाड्याने घेण्यापूर्वीच त्यास सांगितले पाहिजे.

तथापि या अर्हतेत एक पळवाट राहिली आहे. परवानाधारकाने स्वतः अर्हता धारण करावी किंवा तशी व्यक्ती नोकरीस ठेवावी, असा पर्याय आहे. परिणामी प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि गल्ल्यावर सल्ला दुसऱ्याचा, असे घडू शकते. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अनेक औषधे एकत्र मिसळून फवारण्याची पद्धत तेव्हा विशेष चर्चेत आली. त्यानंतर शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ठरावीक मुदतीची बंदी घातली. बंदीच्या क्षेत्रात अकोला व अमरावती हे जिल्हेही होते. डब्यावरील लाल त्रिकोण सर्वाधिक विषारीपणा दर्शवितो, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा येतात. कोणते औषध कशात मिसळू नये, हे मजुरास सांगण्याची शेवटची संधी विक्रेत्याजवळ असते. वास्तविक अर्हतेची अट त्या क्षणासाठीच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते परवाना तपासताना भिंतीवरील प्रमाणपत्रापेक्षा गल्ल्यावर कोण बसले आहे हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

हैदराबाद येथील मॅनेज या संस्थेने 2003 पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' हा 48 आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. विक्रेत्यास दुकान बंद ठेवावे लागू नये म्हणून वर्ग आठवड्यातून एकदाच, सुटीच्या किंवा बाजार बंद असलेल्या दिवशी भरतात. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना मात्र आपली पदवी या व्यवसायास चालते, हेच बहुधा माहीत नसते. ही माहिती त्यांना तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच देता येण्यासारखी आहे, कारण नवीन परवान्याचा अर्ज हंगामाच्या तोंडावर केल्यास मृग निघून जातो.