कवीचे पत्र : मजकूर, स्वाक्षरी आणि संग्रह

पत्रातील अक्षर आणि पत्राखालील स्वाक्षरी एकाच हातची असेलच असे नाही. फ्रेंच कवींची पत्रे जमविणारे संग्राहक पत्राची प्रतवारी लावताना प्रथम हाच प्रश्न विचारतात. मजकूर व सही दोन्ही कवीची असतील, तर त्या पत्राचे मोल सर्वांत अधिक. मजकूर चिटणिसाचा आणि सही तेवढी कवीची असेल, तर ते कमी धरले जाते.

मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. पेशवाईतील पत्रांचा मजकूर बहुधा कारकून मोडीत लिहीत आणि धनी अखेरीस एखादी ओळ स्वहस्ते घालीत. तिथी वा चंद्र दिलेला असला, तरी वर्ष पुष्कळदा दिलेले नसे. म्हणूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना पत्रांतील माणसे, मोहिमा व मुक्काम यांची सांगड घालून काळ ठरवावा लागला. अशा कागदपत्रांच्या जतनासाठी व अभ्यासासाठी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

कवीच्या पत्राचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. आर्त्युर रँबो याने १५ मे १८७१ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, पोल देमनी याला पाठविलेल्या पत्रात आपली काव्यविषयक भूमिका मांडली आणि स्वतःच्या कविताही उतरून दिल्या. हे पत्र छापले गेले ते १९१२ साली, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. ज्याला ते आले, त्याने ते रद्दीत टाकले असते, तर आधुनिक काव्यविचारातील एक मूलभूत लेख नाहीसा झाला असता.

जेथे मोल, तेथे बनावटही आलीच. १८६० च्या दशकात व्रँ-ल्युका नावाच्या इसमाने मिशेल शाल या नामांकित गणितज्ञाला हजारो बनावट पत्रे विकली. त्यांत क्लिओपात्राचेही पत्र होते, आणि तेही फ्रेंच भाषेत व कागदावर! १८७० साली व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली. शाल विद्वान होते. तथापि पत्र कोणाकडून कोणाकडे आले, याचा समाधानकारक पुरावा त्यांनी वेळीच मागितला नाही. कागदातील जलचिन्ह, शाई, घड्या, टपालाचा शिक्का आणि अक्षराचे वळण हे सर्व तपासावे लागतेच. परंतु मालकीची अखंड परंपरा हा त्याहून भक्कम आधार होय.

बाजारातील किमतीही लहान नाहीत. शार्ल बोदलेर याने १८४५ साली आत्महत्येचा निश्चय कळविण्यासाठी लिहिलेले पत्र २०१८ च्या लिलावात सुमारे २ लाख ३४ हजार युरोंना विकले गेले. किंमत वाढली, की एकाच व्यक्तीला आलेली पत्रे सुटी सुटी विकण्याचा मोह होतो. आणि गठ्ठा फुटला, की एका पत्राने दुसऱ्यावर पडणारा प्रकाशही हरपतो.

मराठीत कवी अनिल व कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली पुस्तकरूपाने आला, आणि दोन्ही बाजूंची पत्रे एकत्र वाचता आली. छापील पुस्तकाने शब्द टिकतात. खोडलेली ओळ, समासातील टीप व हाताची घाई मात्र मूळ कागदावरच दिसते.

येथे कायद्याचेही भान हवे. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा. मजकूर छापण्याचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. तसेच १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार, किमान ७५ वर्षे जुने व वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही.

घरात एखाद्या कवीची पत्रे निघाली, तर गठ्ठ्याचा क्रम मोडू नये, पाकिटे फेकू नयेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये; आणि ती घरात कशी आली, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. पुढील अभ्यासकाला हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो.