ब्लडग्रुप जुळला, पण क्रॉसमॅच?

'ब्लडग्रुप जुळला की किडनी देता येते ना?' नाशिकच्या कॉलेज रोडवर कॉफी पिताना मित्रमैत्रिणींना विचारलं, तर बहुतेकांचं हेच मत! पण खरी परीक्षा पुढेच असते, लॅबमध्ये. आधी एचएलए टायपिंग. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. मग क्रॉसमॅच. पेशंटचं सीरम दात्याच्या पांढऱ्या पेशींवर टाकतात. पेशी मेल्या, तर लाल सिग्नल! चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. गरोदरपणात बाईच्या शरीरात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडीज तयार होऊ शकतात. म्हणजे नवरा किडनी द्यायला एका पायावर तयार, पण बायकोचं रक्तच नाही म्हणतं. अशा जोडप्यांसाठी २०११ च्या कायदादुरुस्तीने स्वॅपची वाट खुली केली. दोन कुटुंबांनी आपापसात दाते बदलायचे. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तरी डॉक्टरांना स्वॅपबद्दल जरूर विचारा.