शिरगावचा कारभार कुठून चालतो?

पालघर स्टेशनातून सातपाटीचा रस्ता धरला की वाटेत शिरगाव लागते. जुना किल्ला, वाड्या, सुरूची झाडे आणि पुढे समुद्र. अशा गावात कुणाला समुद्राच्या अंगाचे वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधायचे असेल तर त्याने जायचे कुठे? घरपट्टीचा उतारा ग्रामपंचायतीत मिळतो. सातबारा तलाठ्याकडे असतो. भरतीरेषेपासून घर किती आत आहे हे सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावरून ठरते आणि त्यावर निर्णय देणारे प्राधिकरण मुंबईत बसते. लाटांनी कुंपण खाल्ले तर धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे अर्ज करायचा. सुरूच्या बनाला हात लावायचा तर वनखात्याला विचारायचे. एका घराभोवती एवढी खाती आहेत, पण गावातला माणूस भांडायला जातो तो सरपंचांच्याच दारात. इतर कोणी त्याला ओळखतच नाही.

सरपंचांच्या हातात फार काही नाही, अशी तक्रार या पट्ट्यात नेहमी ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. निर्णय गावाबाहेर होतात हे खरे. मात्र त्या निर्णयांच्या वाटेवर गावाने बोलावे म्हणून कायद्याने ठिकठिकाणी दारे ठेवली आहेत. ती कोण उघडतो आणि किती वेळेत उघडतो, यावरच इथल्या गावांचे पुढचे दिवस ठरत आले आहेत.

1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. मुख्यालय बांधायला सरकारकडे पैसा कमी आणि जमीन भरपूर होती. म्हणून सिडको या सरकारी शहर विकास महामंडळाशी व्यवहार ठरला. सुमारे 440 हेक्टर सरकारी जमिनीपैकी 103 हेक्टरवर सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारून द्यायचे आणि त्या मोबदल्यात उरलेल्या 337 हेक्टरवर नवे शहर वसवायचे. कोळगावच्या नव्या संकुलाचे उद्घाटन 19 ऑगस्ट 2021 ला झाले. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद आज तिथे आहेत. ही 440 हेक्टर जमीन पालघर, कोळगाव, नंडोरे, दापोली, टेंभोडे, मोरेकुरण आणि शिरगाव अशा गावांच्या हद्दीत पसरलेली आहे. म्हणजे शिरगावच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सिडकोचे नियोजित शहर.

नव्या शहराच्या आराखड्यात रस्ता कुठून जाईल, सांडपाणी कोणत्या नाल्याला सोडले जाईल, हे सिडको ठरवणार. शेजारच्या गावठाणाचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहणार. पावसाळ्यात शहराचे पाणी उताराने खाली येते, त्याला हद्द कळत नाही. नवी मुंबईतल्या गावठाणांनी हे अनेक वर्षे भोगले. चकचकीत सेक्टरांच्या मध्ये दाटीवाटीची गावे उरली आणि त्यांच्या बांधकामांचा प्रश्न सुटता सुटला नाही. पालघरला निदान ते उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शिरगावसारख्या ग्रामपंचायतींनी आराखड्याच्या टप्प्यावरच गावठाणाची वाढ, नाले, वहिवाटीच्या वाटा, स्मशानभूमी आणि गुरचरण यांची नोंद लेखी मागितली पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यावर मोर्चा काढून नाला वळवता येत नाही.

ही लेखी मागणी करण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले. महाराष्ट्रात तिचे दिवस ठरलेले आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होते हे या भागात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. झेंडावंदन झाले, शंभर माणसे किंवा मतदारांच्या 15 टक्के, यातला जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती भरली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या माणसांत विषयपत्रिका वाचली जाते आणि प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिले जातात. पुढे पाच वर्षे त्या पानांवर गावाची सही म्हणून बोट ठेवता येते.

मला वाटते, सरपंचाचे नेतृत्व इथे मोजावे. किती रस्ते डांबरी केले, यावर गावात पुरेशी चर्चा होते. मूळ सभेला किती माणसे आणली, पाड्यावरच्या बायका बोलल्या का, ठरावाची प्रत तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे पोचली का, पोच घेतली का, यावर होत नाही.

पालघर तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम लागू आहेत, म्हणून ग्रामसभेचे वजन आणखी वाढते. भूसंपादनापूर्वी तिच्याशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरते. एखाद्या पाड्यालाही स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची मागणी करता येते. बुलेट ट्रेनच्या जमिनीसाठी मोजणी सुरू झाली तेव्हा या जिल्ह्यातल्या अनेक गावांनी ग्रामसभेचे ठराव पुढे केले होते. प्रकल्प त्याने थांबला नाही. तरी मोबदल्याच्या वाटाघाटीत ज्या गावांचे कागद पक्के होते त्यांच्याशी बोलताना अधिकाऱ्यांना ते बाजूला सारणे सोपे नव्हते.

तारापूर परिसराने याआधीचा काळही पाहिला आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र तिथे 1969 मध्ये सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. औद्योगिक वसाहत वाढली, रोजगार आला, बोईसर फुगले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशातली सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहत ठरली. रासायनिक सांडपाण्याने खाडी आणि किनाऱ्यावरची मासळी मारली, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी 2022 मध्ये कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकणारा निकाल दिला. हे भांडण मासेमारांच्या जातसंघटनेला लढावे लागले. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत हे कारखाने आहेत त्यांच्याकडे पाण्याचा नमुना तपासायची साधी प्रयोगशाळाही नव्हती. सामान्य माणसांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो, पण नदी-नाल्यांवर लक्ष ठेवण्याचे काम संघटनेच्या वर्गणीवर चालावे हे राज्यकारभाराचे अपयश आहे.

बोईसरकडे पाहिले की अपयशाचा दुसरा चेहरा दिसतो. लोकल थांबते, कामगार देशभरातून येतात, चाळी आणि इमारती उभ्या राहतात, आणि हे शहर अजून ग्रामपंचायतीच्या कायद्याने चालते. 1958 चा तो कायदा शेतीवर जगणाऱ्या गावासाठी लिहिलेला. नगररचनाकार नाही, शहराच्या मापाचे अग्निशमन नाही, घनकचऱ्याला शहराएवढा निधी नाही. नगर परिषद व्हावी ही मागणी जुनी आहे. तिला होणारा विरोधही समजण्यासारखा आहे, कारण कर वाढतील आणि आदिवासींच्या राखीव जागांचे, ग्रामीण योजनांचे काय, ही भीती खोटी नाही. निर्णय लांबतो तसतसा कचरा मात्र रस्त्यावर येतो. शिरगावने सिडकोच्या शहराशेजारी राहायचे ठरवले तर ग्रामपंचायत की नगर परिषद, हाच प्रश्न त्याला उद्या विचारावा लागेल.

पैशाचे गणितही गावकऱ्यांना समजायला हवे. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, 40 टक्के अबंधित. ग्रामपंचायतीला रकमेचा 80 टक्के वाटा थेट खात्यात मिळे. उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत वाटला जाई. निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा निधी अडतो, म्हणून लांबलेली निवडणूक गावाला रोकडीत महाग पडते. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून, हा नियम 2017, 2020 आणि 2022 अशा तीन वेळा बदलला. थेट निवडीत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचे असे झाले की पाण्याच्या टाकीचा ठरावही लटकतो. मुंबईत झालेल्या या बदलांची किंमत विधेयकात कुठे दिसत नाही.

आता डहाणू तालुक्यातले वाढवण बंदर. 76 हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला पालघरच्या सिडको मैदानावर झाले. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता आणि डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये अटींसह ना हरकत दिली. बंदराच्या अहवालावरील जनसुनावणी 19 जानेवारी 2024 ला पालघरला झाली. पर्यावरण अधिसूचनेनुसार अशा सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवाल इंग्रजीत असतो आणि मराठीत त्याचा फक्त सारांश मिळतो. एवढ्या दिवसांत मच्छीमार गावाने हजारो पानांचा अहवाल वाचून हरकत लिहायची. ज्या ग्रामपंचायतीने एखादा शिक्षक, एखादा निवृत्त इंजिनिअर आणि मासेमारी संस्थेचा सचिव बसवून ते काम केले, तिची हरकत मुद्देसूद होते. ज्यांनी घोषणा दिल्या त्यांचे म्हणणे इतिवृत्तात एका ओळीत येते. बंदराबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो, वाहतूक, खाडीतला गाळ, मासेमारीचे अंतर आणि भरपाईची व्याख्या यांवरचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. पुढच्या प्रत्येक परवानगीला अशीच मुदत येणार आहे.

शिरगाव परिसरात यापेक्षाही जवळचा प्रश्न पाण्याचा आहे. विक्रमगडजवळ धामणी धरणावर उभा राहिलेला सूर्या प्रकल्प मूळचा सिंचनासाठी. त्याच पाण्यातून एमएमआरडीएची योजना वसई-विरारला 185 आणि मिरा-भाईंदरला 218 दशलक्ष लिटर रोज देण्यासाठी आखली गेली. पालघर आणि 26 गावांची नळयोजनाही सूर्येवरच अवलंबून आहे. सिडकोचे नवे शहर वसू लागले की त्यालाही पाणी लागेल. म्हणून येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे प्रश्न लेखी यावेत: नव्या शहराच्या पाण्याचे आरक्षण कुठून, किती, कोणत्या वर्षापासून, ते आपल्या गावांच्या योजनेतून कापले जाणार का, आणि उन्हाळ्यात टंचाई आली तर आधी कोणाचा व्हॉल्व्ह बंद होणार.