ज्येष्ठमध : चिनी वैद्यकांतील ‘राज्याचे वडील’

ज्या घरांत बाळगुटीची सहाण अजून जपून ठेवलेली आहे, त्या घराला ज्येष्ठमधाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तान्ह्या मुलाच्या गुटींत त्याचे दोन वेढे, गवयाच्या गालांत त्याची कांडी आणि खोकला आला कीं काढ्यांत त्याचा तुकडा, असा या मुळाचा घरांतील तिन्ही पिढ्यांशीं संबंध असतो. परंतु हेंच मूळ चीन देशाच्या वैद्यकांत सुमारे दोन हजार वर्षें केवढ्या मानानें नांदत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो मान आणि त्यामागील विचार ध्यानांत आला, म्हणजे हें मूळ कोणास, किती व किती दिवस द्यावें हा प्रश्न आपोआपच मनांत उभा राहतो. आणि तो उभा राहणें फार जरूर आहे.

चिनी लोक ज्येष्ठमधाला ‘गान्-त्साओ’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘गोड गवत’ असा सरळ आहे. आपले ‘यष्टिमधु’ म्हणजे ‘गोड काठी’. दोन्ही देशांच्या लोकांना प्रथम जाणवली ती त्याची गोडीच. आपल्या ग्रंथांतील वनस्पति व चीनमध्यें मुख्यतः वापरली जाणारी वनस्पति या एकाच कुळांतील दोन बहिणी आहेत. चिनी जात वायव्येकडील कोरड्या, वालुकामय प्रदेशांत, म्हणजे अंतर्मंगोलिया, निंगशिया, गान्सू या भागांत होते. वसंतांत किंवा शरदांत मुळें खणून वाळवितात आणि मग त्यांच्या तिरकस चकत्या करितात.

शेन्नोंग या पुराणपुरुषाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या चीनच्या अतिप्राचीन निघंटूंत ३६५ द्रव्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. खालच्या वर्गांत जहाल औषधें येतात, तर वरच्या वर्गांत दीर्घकाळ घेतलीं तरी अपाय न करणारीं म्हणून मानलेलीं. ज्येष्ठमधाची गणना या वरच्या वर्गांत झाली. पुढें ताओ होंगजिंग (४५६–५३६) या विद्वानानें त्याला ‘राज्याचे वडील’ अशी पदवी दिली. ही पदवी मार्मिक आहे. चिनी वैद्य काढ्यांतील द्रव्यांना राजा, मंत्री, साहाय्यक व दूत अशीं पदें देतात. ज्येष्ठमध बहुधा दूत असतें; राजाचें काम तें क्वचितच करितें. परंतु भांडकुदळ द्रव्यांना एकत्र नांदविणें, तीव्र द्रव्याची धार बोथट करणें व कडू काढा घशाखालीं उतरण्याजोगा करणें, हीं कामें त्याच्याकडे असतात. एकत्र कुटुंबांत ज्यांच्या हातीं तिजोरीची किल्ली नसते, पण ज्यांच्या शब्दावांचून घर चालत नाहीं, अशा वडीलधाऱ्यांचें स्थान वाचकांना निराळें समजावून सांगावयास नको.

इ. स. २००च्या सुमारास होऊन गेलेला झांग झोंगजिंग हा चीनचा थोर वैद्य. ज्वरावरील त्याच्या ग्रंथांत शंभराहून थोडे अधिक योग आहेत, आणि त्यांपैकीं सुमारे ७० योगांत ज्येष्ठमध आहे. हातपाय गार पडून रोगी गळाला असतां तो बचनागाच्या जातीचें उग्र मूळ देतो. पण सोबत सुंठ व ज्येष्ठमध घालून त्या विषाला आवर घालतो. पायांत गोळे येत असतील, तर पिओनी नांवाच्या फुलझाडाचें मूळ व ज्येष्ठमध एवढीं दोनच द्रव्यें तो उकळतो. हा काढा जपानांतील वैद्य आजही पोटऱ्यांच्या गोळ्यांवर देतात. विनाकारण रडूं येणाऱ्या, उदास झालेल्या स्त्रीसाठीं गहूं, चिनी बोरें व ज्येष्ठमध असा एक सौम्य काढा त्याच्याच नांवावर सांगितला जातो.

केवळ ज्येष्ठमधाचा काढाही त्याच्या ग्रंथांत आहे. दुखणें दोन-तीन दिवसांचें असून घसा दुखूं लागला, तर तो द्यावा. गुण न आला, तर त्यांत दुसरें एक मूळ मिळवावें, असें तो सांगतो. म्हणजे एकट्या ज्येष्ठमधाचें काम थोडक्या दिवसांचें. उतार पडला नाहीं, तर तेंच औषध न रेटतां योग बदलावयाचा.

कच्चें मूळ व भाजलेलें मूळ यांतही चिनी वैद्य भेद करितात. घसा, खोकला, गळवें यांवर कच्चें मूळ. पचनशक्ति क्षीण झाली असतां किंवा छातींत धडधड होत असतां मधाचें पाणी मुरवून कढईंत परतलेलें मूळ. आजच्या चिनी औषधिसंहितेंत त्याची मात्रा दिवसाला २ ते १० ग्रॅम दिली आहे. शिवाय कांहीं द्रव्यांशीं त्याची सोबत जुन्या परंपरेनें वर्ज्य मानिली आहे. सर्वांशीं जुळवून घेणाऱ्या वडिलांचेंही कोणाकोणाशीं पटत नाहींच!

आतां ‘दीर्घकाळ घेतलें तरी अपाय नाहीं’ या जुन्या समजुतीकडे वळूं. १९४६ सालीं रेव्हर्स नांवाच्या डच डॉक्टरानें जठरांतील व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. पुष्कळांचें दुखणें हटलें. परंतु सुमारे पांचांत एका रोग्याच्या अंगावर सूज आली. याचें कारण पुढील चाळीस वर्षांत उलगडत गेलें. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्याची असून तें साखरेच्या जवळजवळ पन्नासपट गोड असतें. आपल्या रक्तांत कॉर्टिसोल नांवाचा अंतःस्राव असतो. मूत्रपिंडांतील एक एन्झाइम त्याला तेथें निष्क्रिय करितें, म्हणून तेथें त्याचा उपद्रव होत नाहीं. ग्लिसिऱ्हायझिनापासून पोटांत तयार होणारें द्रव्य या एन्झाइमालाच अडवितें. मग शरीरांत मीठ व पाणी सांचतें, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातें. पोटॅशियम फार घटलें, तर स्नायू गळतात व हृदयाचे ठोके चुकूं लागतात.

युरोपांतील तज्ज्ञांनीं नित्य सेवनासाठीं ग्लिसिऱ्हायझिनाची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सुचविली आहे. चिनी संहितेच्या कसोटीस उतरणाऱ्या मुळांत तें शेंकडा २ तरी असावें लागतें. म्हणजे अवघ्या ५ ग्रॅम मुळांत, साधारण एका चमचाभर चूर्णांत, ही मर्यादा गांठली जाते. चार दिवसांच्या खोकल्यासाठीं याची धास्ती बाळगावयास नको. परंतु “झाडपाल्याचें आहे, बाधणार नाहीं” असें म्हणून महिनोन्महिने रोज चूर्ण घेणें निराळें.

आपल्या घरांत हा धोका बहुधा वडील माणसांनाच असतो. रक्तदाबाची गोळी घेणारे आजोबा, लघवी होण्याचें औषध चालू असलेली आजी, हृदयाचें किंवा मूत्रपिंडाचें दुखणें असलेलें माणूस व गर्भवती सून, यांना डॉक्टरांस विचारल्यावांचून ज्येष्ठमध नित्य देऊं नये. नियमानें गोळी घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, पायांवर सूज दिसत असेल किंवा अंगांत त्राण वाटत नसेल, तर घरांत कोणता काढा व कोणतें चूर्ण चालू आहे तेंही डॉक्टरांना सांगावें. पुष्कळ मंडळी या गोष्टीला औषधच समजत नाहींत, म्हणून ती सांगावयाची राहून जाते.

यामुळें ज्येष्ठमधाची योग्यता उणी होते असें नाहीं. जें मूळ बचनागासारख्या विषाची धार कमी करितें, त्याच्या अंगीं सामर्थ्य आहे हें उघडच आहे. आणि सामर्थ्य असलें, म्हणजे मर्यादाही आलीच. चिनी वैद्यानें त्याला ‘राज्याचे वडील’ म्हटलें. वडिलांचा सल्ला थोडक्या शब्दांत, वेळेवर घ्यावा. प्रत्येक घांसाला त्यांना हांक मारूं नये, एवढें तारतम्य आपण ठेविलें तर सहाणेजवळचा हा जुना सोबती पुढील पिढ्यांनाही सुखकरच होईल.