बघणाऱ्याची काच

गेल्या मे महिन्यात शेजारच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये जिन्याच्या कठड्याचं काम चाललं होतं. कारागीर उकिडवा बसून, एका हातात होल्डर आणि दुसऱ्या हातात काच धरून वेल्डिंगचे टाके मारत होता. माझी आठ वर्षांची भाची कुंपणाच्या गजांना धरून ते बघत उभी होती. ‘बघू नकोस गं’ असं मी दोन-तीनदा ओरडलो आणि आपल्या कामाला लागलो. रात्री साडेअकराला ती रडत उठली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतंय म्हणाली, दिवा लावू देईना. पाण्याने उशी भिजली होती. आम्ही डोळ्यांत कचरा शोधत बसलो. दुपारच्या कठड्याची आठवण कुणालाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी उमटली होती. एकेक ठिपका म्हणजे भाजून गळालेल्या पेशी. ती दोन दिवसांत बरी झाली. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट छळते आहे. त्या पार्किंगमध्ये काच एकच होती आणि ती ज्याच्या हातात होती तो सोडून बाकी सगळे उघड्या डोळ्यांनी तिथे होते.

वेल्डिंगच्या ज्योतीतून जे बाहेर पडतं त्यातला डोळ्यांना दिसणारा लखलखाट हा एक भाग. न दिसणारे अतिनील किरण हा दुसरा. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत जहाल किरण ओझोनचा थर वरच्या वर अडवतो, ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वेल्डिंगची ज्योत तेच किरण आपल्यापासून हातभर अंतरावर तयार करते आणि मध्ये कोणताही थर नसतो. उन्हाने त्वचा रापते तशीच इथे बुबुळाची वरची कातडी भाजते, पण भाजताना कळत नाही. दुखणं सुरू होतं सहा ते बारा तासांनी. म्हणून दुपारी बघितलेलं मध्यरात्री टोचतं आणि दोन्हींचा संबंध जुळत नाही. शिवाय दिवसभरातल्या लहान लहान झळांची बेरीज होत जाते. ‘मी तर क्षणभरच पाहिलं’ असं दहा वेळा झालं की दहा क्षण जमा झालेले असतात. डोळ्यांच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, याला प्रखर उजेडाने झालेली इजा तर दरवेळी भरून येईलच असं नाही.

अंतराचा हिशेब आपल्या बाजूचा आहे. ज्योतीपासून दुप्पट लांब गेलं की किरणांचा मारा चौथाई होतो, दहापट लांब गेलं की शंभरावा हिस्सा. एका मीटरवरून उठून दहा मीटरवर जाणं ही सर्वांत स्वस्त खबरदारी. पण आपल्याकडचं पार्किंग असतं एका गाडीपुरतं, आणि त्याला लागून जिना, नळ, तुळशीवृंदावन, वर पहिल्या मजल्याची गॅलरी. दहा मीटर आणायचे कुठून?

म्हणून आडोसा. कारखान्यांत यासाठी नारिंगी-लाल किंवा गडद हिरव्या प्लॅस्टिकचे खास पडदे असतात. ते अतिनील किरण अडवतात आणि ठिणगीने पेट घेत नाहीत. घरच्या कामाला तेवढा खर्च नको असेल तर लोखंडी किंवा सिमेंटचे दोन-तीन पत्रे उभे केले तरी चालतात. चालत नाही ती निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, आणि नेमकी तीच सगळीकडे बांधलेली दिसते. उजेड ती थोडाफार अडवील, पण पहिल्या गरम ठिणगीला तिला भोक पडतं आणि दुसरीला ती पेटू शकते. हिरवी शेडनेट तर दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. पत्रा खाली थोडा उचललेला ठेवावा, धूर कोंडत नाही. त्याची चकचकीत बाजू ज्योतीकडे नसावी. नवा जस्ताचा पत्रा, ॲल्युमिनियमचं दार, स्टीलची टाकी यांवरून किरण उलटून येतात आणि पाठमोऱ्या माणसाच्या डोळ्यांतही जातात.

आडोसा करताना वर बघायचं राहून जातं. काम जमिनीवर चालतं आणि गॅलरीतून आजी वाकून बघत असतात. त्यांच्यासाठी पत्र्याची भिंत असून नसल्यासारखी. काम सुरू करण्यापूर्वी वर जाऊन सांगावं, खिडक्या लावून घ्यायला लावाव्यात. खिडकीची साधी काच जहाल किरणांचा बराचसा भाग अडवते. पण लखलखाट अडवत नाही, म्हणून पडदाही ओढावा. उन्हातला गॉगल घालून जवळ उभं राहणं म्हणजे मात्र निव्वळ समाधान.

सर्वांत जवळचा बघणारा कोण, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. पाइप धरून बसलेला हेल्पर पोरगा. तो मान वळवतो, डोळे मिटतो, टाका पडला की उघडतो, असं दिवसातून कितीतरी वेळा. त्याचं मनगट आणि गळा उन्हात भाजल्यासारखे लाल झालेले असतात. काम देणाऱ्या घरमालकाने दुसरी काच आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट यांची सोय करावी, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे. कठड्याला जेवढा खर्च येतो त्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

किरण ज्योत विझली की थांबतात, ठिणग्या थांबत नाहीत. वितळलेल्या धातूचे ते थेंब असतात. दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात, फरशीवरून मोत्यांसारखे घरंगळत जातात, गटाराच्या जाळीतून खाली पडतात, रद्दीच्या गठ्ठ्यात शिरून निवांत धुमसत राहतात. पार्किंगमध्ये काय काय असतं ते आठवा. पेट्रोल भरलेल्या दुचाक्या, त्यांची प्लॅस्टिकची कव्हरं, रंगाचे आणि थिनरचे डबे, जुनी गादी. १५ नोव्हेंबर २०१० रोजी शांघायमध्ये २८ मजली निवासी इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना परवाना नसलेल्या कामगारांच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांमुळे परांचीला बांधलेल्या नायलॉनच्या जाळीने पेट घेतला. ५८ माणसं गेली. ती माणसं आपापल्या घरांत होती. मुंबई-पुण्यात दुरुस्तीसाठी हिरव्या जाळीत गुंडाळलेली इमारत दिसली की मला शांघायची ती इमारत आठवते.

म्हणून गाड्या आधी बाहेर काढाव्यात, ज्या हलत नाहीत त्यांच्यावर पत्रा टाकावा, वाळूची बादली हाताशी ठेवावी. शेवटचा रॉड संपल्यावर कारागीर पैसे घेऊन जातो आणि घरचे चहाला आत जातात, ती वेळ खरी धोक्याची. त्यानंतर तासभर कुणीतरी तिथे बसायला हवं. पेट्रोलची ‘रिकामी’ टाकी वेल्ड करायला तर देऊच नये. रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तिचाच स्फोट होण्याची भीती अधिक.

धुराबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. जीआय पाइपवरचं जस्त जळालं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो आणि घरचे त्याला साधा ताप समजतात. जोडाच्या जागेवरचं जस्त आणि रंग आधी घासून काढावा, मास्क लावूनच. शटर पूर्ण उघडं हवं आणि पंखा धूर रस्त्याकडे ढकलेल असा ठेवावा, घरात नव्हे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी मशीन आणि तिच्या केबलींपासून लांबच राहावं.

एवढं करूनही डोळे दुखलेच, तर स्वच्छ पाण्याने धुवावेत, चोळू नयेत, थंड पाण्याची पट्टी ठेवून अंधारात पडावं आणि डॉक्टरांना दाखवावं. बटाट्याचा काप किंवा दुधाचे थेंब डोळ्यांत घालण्याचा उपाय अजून सांगितला जातो. भाजलेल्या बुबुळावर त्यातून जंतुसंसर्गच व्हायचा. औषधाच्या दुकानातून बधिर करणारे थेंब आणून परत परत घालणं त्याहून वाईट. दुखणं थांबतं, पण जखम भरायची थांबते. ग्राइंडर चालू असताना डोळ्यात काही गेल्यासारखं वाटलं असेल तर रात्र जाऊ देऊ नये.

परवा आमच्या फाटकाचं काम निघालं. या वेळी पत्रे उभे केले, स्कूटर बाहेर लावली, वरच्या काकूंना सांगून आलो. भाची आली होतीच. तिला घरात कोंडून ठेवायचा विचार होता, पण लोखंड पाण्यासारखं वाहताना बघायची तिची ओढ मला चुकीची वाटेना. मग कारागिराकडूनच पूर्ण चेहरा झाकणारा, अकरा नंबरच्या काचेचा मुखवटा मागून घेतला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून ती चार-पाच मीटरवर माझ्याजवळ बसली. काचेतून आधी तिला काहीच दिसेना. ‘सगळं काळं आहे,’ म्हणाली. कारागिराने ‘डोळे!’ अशी हाळी दिली, रॉड टेकवला, आणि काळोखात एक हिरवा ठिपका पेटला. त्याच्या पाठोपाठ लाल ओल सरकत होती, मागून थिजत जात होती. टाका संपेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.