नववा लागेपर्यंत

पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात १८ ऑक्टोबर २०१८ रोजी एक मुलगी जन्मली. मुदतीच्या आधी, सिझेरियनने, वजन १४५० ग्रॅम. तिची आई गुजरातची. मुलगी ज्या पिशवीत वाढली ती पिशवी मात्र आईची नव्हती, आजीची होती. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये आजीचं गर्भाशय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून तिच्या लेकीच्या पोटात बसवलं होतं. या लेकीला त्याआधी दिवस राहून पोट रिकामं होण्याचं दुःख सोसावं लागलं होतं. तिच्या स्वतःच्या गर्भाशयाच्या आतल्या भिंती व्रणांनी एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. प्रत्यारोपित गर्भाशयातून भारतात झालेला हा पहिला जन्म. जगातला पहिला सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या मात्स ब्रेनस्ट्रॉम यांच्या प्रयत्नांतून झाला. तो मुलगाही मुदतीआधीचाच. आईचा रक्तदाब वाढला आणि बत्तिसावा आठवडा पुरा होण्याआधीच त्याला बाहेर काढावं लागलं.

पुण्यात त्याच मे महिन्यात आणखी एक प्रत्यारोपण झालं होतं. ती तरुणी सोलापूरकडची, जन्मतःच गर्भाशय नसलेली. तिलाही आईनेच आपली पिशवी दिली.

सोलापूरहून बार्शी, कळंब, केज ओलांडून बालाघाटाच्या डोंगरात धारूरला यावं, तर याच अवयवाची अगदी उलटी कहाणी ऐकू येते. बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांचं गर्भाशय काढल्याचं २०१९ साली विधिमंडळात सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या काळात झालेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली जाई. शिवाय फडात एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड. पाळी गेली की खाडा गेला, हा हिशोब त्यातूनच आला. २०१९ पासून जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते.

या सगळ्या गदारोळात एक बाई कुणाला दिसलीच नाही. जिची पिशवी जागेवर आहे, जिने ती जिवापाड जपली, आणि तरी जिची कूस उजवत नाही, ती. पिशवी काढलेल्या बायकांपेक्षा तिचा आवाज बारीक असतो, कारण तिला बोलायला जागाच नाही. ज्या टोळीत पोरासोरांसह कोपीत राहायचं, तिथे रोज संध्याकाळी तिला एकच प्रश्न विचारला जातो. धारूरच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या घरात तो प्रश्न जरा मऊ शब्दांत येतो, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या साधारण दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं किंवा त्याचाही वाटा असतो. वीर्याची तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी. तरीही बाईच्या सोनोग्राफ्यांचे, हार्मोनच्या तपासण्यांचे, नळ्यांच्या एक्स-रेचे कागद गठ्ठ्याने जमल्यावरच पुष्कळ घरांत नवऱ्याची पाळी येते. तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात आणि बाई पस्तिशीला टेकलेली असते. भारतात नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक मोठं कारण आहे. तो खोकल्याशिवाय येतो, तापाशिवाय येतो, आणि कित्येकदा मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच सापडतो. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लवकर सापडला तर पुढचं बरंच टळतं.

आणि मग एखाद्या महिन्यात पाळी चुकते.

सगळ्यांनाच टेस्ट ट्यूबची, म्हणजे आयव्हीएफची, वाट धरावी लागते असं नाही. कुणाला बीज तयार होण्याच्या गोळ्यांनी गुण येतो, कुणाला थायरॉइड ताब्यात आल्यावर, तर कुणाला साध्या उपचारांची वर्षं सरल्यावर लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या केंद्रात जाऊन. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. महापालिकेच्या रुग्णालयात, वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधन संस्थेच्या मदतीने. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच, इंग्लंडच्या लुईस ब्राऊन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, हे साधलं होतं. त्यांच्या हयातीत ते कुणी मानलं नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. केईएमच्या कामातले हिंदुजांचे सहकारी टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रं वाचून देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांचा आहे, असं जाहीर सांगितलं. वैज्ञानिकाचा एवढा मोठेपणा क्वचित पाहायला मिळतो.) सरकारी छताखाली सुरू झालेलं हे तंत्र पुढे तीन दशकांहून अधिक काळ बहुतांशी खासगी केंद्रांतच वाढलं. गोव्यात वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये ते मोफत सुरू केलं, मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी केंद्र आलं. मराठवाड्यातल्या बाईला ही दोन्ही ठिकाणं दूरची. तिच्या उपचारांसाठी शेत गहाण पडतं, डाग मोडले जातात, सोसायटीचं कर्ज थकतं.

एवढं सगळं करून दिवस राहिले की घर अक्षरशः श्वास रोखून बसतं. पाचवा लागेपर्यंत बातमी उंबऱ्याबाहेर जात नाही. डोहाळजेवण सातव्यात करायचं की पुढे ढकलायचं यावर दोन्हीकडच्या विहिणींमध्ये कुजबुज चालते. बाळाची झबली शिवायची नाहीत, पाळण्याचं नाव काढायचं नाही. दवाखान्याच्या फाइलवर ‘प्रेशियस’ असा शब्द येतो, आणि तेव्हापासून बाईला खाटेवरून उठू दिलं जात नाही.

हे चुकीचं आहे, आणि स्पष्ट सांगायला हवं. सक्तीच्या विश्रांतीने गर्भ टिकतो किंवा मुदतीआधीचं बाळंतपण टळतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. उलट महिनोन् महिने पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू ढिले पडतात, आणि दिवसभर आढ्याकडे बघत पडलेल्या बाईच्या मनात भीतीशिवाय दुसरं काही उरत नाही. वार पिशवीच्या तोंडाशी असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील. एरवी घरातली हलकी कामं आणि संध्याकाळचं चालणं चालू राहिलेलंच बरं. जपायचं ते निराळंच काहीतरी आहे.

सगळ्यात आधी रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. मुळात गडबड वारेत असते. गर्भ रुजताना पिशवीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या पुरेशा झाल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडतं, आणि पुढे काही महिन्यांनी त्याचे परिणाम आईच्या सगळ्या शरीरावर दिसतात. पहिलटकरणीला, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बाईला, जुळं असलेल्या आणि आयव्हीएफने दिवस राहिलेल्या बाईला हा धोका जास्त. दुसरीचं बीज घेतलं असेल तर आणखी. गर्भारपणात पायांना सूज पुष्कळ जणींना येते. पण चेहरा सुजला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली उजवीकडे दुखू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. दाब दुर्लक्षित राहिला तर झटके येतात. धोका आधीच ओळखला तर सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करता येते, आणि ही गोळी अगदी स्वस्त आहे.

दुसरं, साखर. उपाशीपोटी असो की जेवून, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. धारूर परिसर सीताफळांसाठी प्रसिद्ध, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. दिवाळीच्या तोंडावर आठवा चालू असलेल्या बाईपुढे टोपली आली की दोघांचा वाटा म्हणून आग्रह होतो. तिची साखर वाढलेली असेल तर त्या आग्रहाला घरातल्याच कुणीतरी आवर घालायला हवा. तिने एकटीने किती जणींना नाही म्हणायचं?

आणि बाळाची हालचाल. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज साधारण एका वेळी डाव्या कुशीवर निजून मोजायचं. दोन तासांत दहा वेळा बाळ फिरलं की झालं. नाही फिरलं, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना. शेवटी शेवटी बाळ कमी फिरतंच, ही समजूत खरी नाही. हालचालीची जात बदलते, लाथेऐवजी सरकणं जाणवतं. पण ती थांबत नाही. ज्या बाईचं आधी एकदा नुकसान झालं आहे ती रात्री दोनला उठून पोटावर हात ठेवते, तेव्हा तिला वेड्यात काढू नये. तिच्या भीतीला मोजणीचं काम द्यावं. भीती पुरती जात नाही, पण तिला कामाला लावता येतं.

धारूरला ग्रामीण रुग्णालय आहे. अडचणीचं बाळंतपण, रक्त, नवजात बाळाची अतिदक्षता यांसाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. तेलगावच्या बाजूने धारूरला चढणारा घाट अरुंद आणि वळणावळणाचा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या की वाहनं तिथे अडकून पडतात. म्हणून कळा सुरू झाल्यावर कुठे जायचं हे ठरवणं म्हणजे फार उशीर झाला. बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तीन गोष्टी कागदावर हव्यात: कोणतं रुग्णालय, कोणती गाडी, आणि तिच्या गटाचं रक्त देणारी दोन माणसं. १०८ आणि १०२ या गाड्या मोफत आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणं हे सगळं मोफत आहे. लाखो रुपये उपचारांत घालून बसलेल्या घराने सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवण्याचं कारण नाही. लहान खासगी प्रसूतिगृहात बाळाची अतिदक्षता नसेल, तर सातव्या-आठव्यातलं बाळ शेवटी अंबाजोगाईलाच येणार, मग ते पोटात असतानाच आलेलं चांगलं. आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही.

वेळेआधी कळा लागल्या तर एक इंजेक्शन फार महत्त्वाचं. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान आईला डेक्सामेथासोन दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. दर बारा तासांनी एक, असे चार डोस. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस परिचारिकेनेही द्यावा, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. गाडीत बसण्याआधी ‘फुप्फुसांचं इंजेक्शन दिलं का?’ एवढा एक प्रश्न नवऱ्याला विचारता आला पाहिजे.

सगळ्यात अवघड गाठ मात्र दिनदर्शिकेची आहे. कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेटतात. तेलगावला साखर कारखाना असला तरी तालुक्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल आधीच घेतलेली असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायकोचे दिवस डिसेंबरात भरणार असतील तर अर्ध्या कोयत्याचं काय करायचं, हे मुकादमाशी दसऱ्याच्या आत बोलून घ्यावं लागतं. तेव्हा घरच्यांनी पाय मागे घेतला तर ती सातव्या-आठव्यात मोळ्या उचलते. दहा वर्षांनी राहिलेला गर्भ घेऊन.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर मातांना मोफत तपासतात. धोका असलेल्या बाईच्या माता-बाल सुरक्षा कार्डावर त्या दिवशी लाल चिकटपट्टी लावली जाते. ते कार्ड सांगली-कोल्हापुरातल्या आरोग्य केंद्रातही चालतं. तिथली परिचारिका त्यावरचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, प्रसूतीची तारीख वाचू शकते. आशाताईंनी गाव सोडण्याआधी एवढं करावं, की फडाजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव आणि तिथल्या आशाचा फोन नंबर त्याच कार्डाच्या मागे लिहून द्यावा. आणि सासूने ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी घालू नये, वरच ठेवावं.